दोघांना चालणारा केक

रविवारी दुपारी केक ओव्हनमध्ये ढकलला आणि उत्तरा स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. खुर्चीपर्यंत जायचं त्राण नव्हतं. दिल्लीत, मयूर विहारच्या तिसऱ्या मजल्यावर मे महिन्यात ओव्हन लावायचा म्हणजे केकबरोबर आपणही भाजून निघायचं. पण इलाज नव्हता. आज तिच्या मुलाला, आशयला, सहा वर्षं पूर्ण होत होती आणि त्याच्या आबांना, म्हणजे सूर्यकांतना, सत्तर. दोघांची तारीख एकच. दरवर्षी आजी, म्हणजे भानुमतीबाई, रव्याचा केक करायच्या, आणि पहिली वडी आजोबा-नातू अर्धी अर्धी खायचे.

गेल्या वर्षी मात्र घरात दोन रिपोर्ट आले. आशयला गव्हाचा कणसुद्धा चालणार नव्हता आणि आबांना साखर. तेव्हापासून आशय दुसऱ्यांच्या वाढदिवसाला आपला डबा घेऊन जायचा आणि एका बाजूला बसून खायचा. गेल्या आठवड्यात त्याने सहज विचारलं, "आई, माझ्या बर्थडेला पण मी वेगळंच खायचं?"

सहजच विचारलं होतं. उत्तराला मात्र रात्रभर झोप लागली नाही.

चक्कीवरचं ज्वारीचं पीठ चालणार नव्हतं, कारण तिथे त्याच दगडावर गहू दळतात. म्हणून तिने ज्वारी धुतली, वाळवली, आणि ऑफिसातून आल्यावर थोडी थोडी करून घरच्या मिक्सरमध्ये दळली. मिक्सर दर पाच मिनिटांनी तापून विश्रांती घ्यायचा. उत्तराला त्याचा हेवा वाटायचा. मग बदामाची पूड, दही, आणि साखरेऐवजी मोजून दहा खजूर.

दोन वाजता केक बाहेर आला. फुगलेला, सोनेरी. उलटा केला तर डब्यातून अलगद सुटला.

"बघ, कसा सुटला!" भानुमतीबाई दारातून म्हणाल्या. "तू सकाळी आंघोळीला गेलीस ना, तेव्हाच मी डबा तयार करून ठेवला होता. छान तूप लावलं, वर भुरभुरवलं."

"काय भुरभुरवलं, आई?"

"मैदा. आणखी काय भुरभुरवतात?"

उत्तराने केकच्या पाठीकडे पाहिलं. पाठीवर पांढरट, पातळ, अगदी एकसारखा थर होता.

"पण मी तर घरातला सगळा मैदा काढून टाकलाय."

"तेच तर! एक चिमूट ठेवला नाहीस. शेवटी शेजारच्या चड्ढा आंटींकडून वाटीभर मागून आण..." भानुमतीबाई तिथेच थांबल्या. त्यांचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! उत्तरा! चाळीस वर्षांची सवय गं, हात आपोआप जातो."

सासू डोळ्यांना पदर लावून उभी असताना ओरडता येत नाही. आणि न ओरडता राग गिळायचा तर तोंडात काहीतरी हवं. उत्तराने केकचा कोपरा मोडून तोंडात टाकला. केक अप्रतिम झाला होता. हे तर फारच वाईट होतं.

पाचला मुलं येणार होती. ज्वारीचं पीठ वाटीभर उरलं होतं, बदाम संपले होते. उत्तराने नवऱ्याला उठवलं.

"सुधन्वा, बिनागव्हाचं कुठलंही पीठ आण. पाकीट वाचून आण."

पाऊण तासाने सुधन्वा विजयी मुद्रेने परतला. "सात धान्यांचं मिळालं! बिल्कुल हेल्दी."

"त्यातलं पहिलं धान्य कोणतं?"

सुधन्वाने पाकीट उलटं करून डोळ्यांजवळ नेलं. "अच्छा... गहू."

"मी वाचून आण म्हटलं होतं."

"वाचलं ना यार! मागची बाजू कोण वाचतं?"

हा माणूस मंत्रालयात दिवसभर फायली तपासायचा. उत्तराने केकचा दुसरा कोपरा खाल्ला.

मग वाटीभर पीठ आणि उरलेले सहा खजूर घेऊन ती पुन्हा उभी राहिली. सूर्यकांत हळूच आत आले आणि त्यांनी आपलं संध्याकाळचं सफरचंद ओट्यावर ठेवलं. "हे किसून घाल. आमच्या कोट्यातलं आहे." मैदा लागलेला डबा बाद, म्हणून स्टीलची थाळी काढली. भानुमतीबाई हात पाठीमागे बांधून लांब उभ्या होत्या.

"तूप मी लावू?" त्यांनी घाबरत विचारलं.

"लावा आई. फक्त तूप."

थाळी ओव्हनमध्ये गेली आणि दहाव्या मिनिटाला लाइट गेली. अर्ध्या तासाने आली तेव्हा केकने फुगायचा विचार सोडून दिला होता. शेवटी जे बाहेर आलं ते काळपट, चपटं आणि मधोमध तडकलेलं होतं. सोसायटीसमोरच्या रस्त्याचा एक तुकडा कोणीतरी थाळीत ठेवावा तसं.

पाच वाजता आठ मुलं आली. टेबलाच्या एका टोकाला सोनेरी केक, पाहुण्यांसाठी. दुसऱ्या टोकाला रस्त्याचा तुकडा, आशय आणि आबांसाठी. म्हणजे शेवटी वेगळंच. आशयचा चेहरा बघवेना म्हणून उत्तरा सरबत करायला आत गेली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ ढवळत राहिली.

बाहेरून चड्ढा आंटींच्या नातवाचा, अंकुरचा आवाज आला. "तेरा वाला काला क्यों है?"

"ये स्पेशल है," आशय म्हणाला. "मेरा और आबा का. तुम लोगों को अलाउड नहीं है."

"क्यों?"

"तुम्हारे हाथ में गेहूँ लगा है."

बाहेर बशा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अंकुरने दबक्या आवाजात विचारलं, "धो के आऊँ?"

"आबा, चलेगा?"

सूर्यकांतनी कृषी खात्यात पस्तीस वर्षं काढली होती. "साबुन से धोएँगे," ते म्हणाले, "तो विचार किया जा सकता है."

उत्तरा ट्रे घेऊन बाहेर आली, तर बेसिनपासून सोफ्यापर्यंत रांग लागली होती. सोनेरी केक अर्धवट खाऊन बशांमध्ये पडला होता. आशय प्रत्येकाचे तळवे दोन्ही बाजूंनी तपासून बोटभर तुकडा देत होता. भानुमतीबाईंचे हात तपासून झाले होते, आबा शांतपणे चावत होते. "अजिबात गोड नाही," ते समाधानाने म्हणाले आणि उरलेली अर्धी वडी त्यांनी नातवाच्या तोंडात घातली.

ट्रे सांभाळत उत्तरानेही एक हात पुढे केला.

आशयने तिच्याकडे रोखून पाहिलं. "आई, तू तर दुपारपासून तो मैद्यावाला खातेयस. मी बघितलंय."

"अरे, पण हा केला मीच ना!"

"साबण लाव. आणि गुळणी पण कर."

उत्तराने ट्रे खाली ठेवला आणि निमूटपणे अंकुरच्या मागे जाऊन उभी राहिली. रांग अजिबात हलत नव्हती. तिचीही काही घाई नव्हती. कित्येक दिवसांनी तिला असं कुठेतरी नुसतं उभं राहायला मिळालं होतं.