एस.पी.चे तीन डबे

संक्षेपरावांनी एका रविवारी स्वयंपाकघर सुधारायचं ठरवलं आणि बायकोने कपाळाला हात लावला. (खरं नाव वेगळं, पण दिसेल त्या शब्दाचं शेपूट छाटायची खोड असल्यामुळे कचेरीने त्यांचं हे बारसं केलं होतं.) रेकॉर्ड खात्यात त्यांच्या एकट्या ‘एस.पी.’चे अकरा अर्थ होते: स्पेशल परमिशन, सर्व्हिस पेन्शन, स्टेशनरी परचेस... अकराही पाठ असलेला माणूस एकच, ते स्वतः. आता खातेप्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि त्यांचा सगळा जीव त्या खुर्चीत अडकला होता.

बायकोचे जुने डबे माळ्यावर गेले. एकसारखे चोवीस डबे आले, त्यांवर इंग्रजी अक्षरं आली, शिवाय एक रजिस्टर.

“अहो, मला डबे पोच्यांवरून कळतात!”

“तेच तर! घर काय पोच्यांवर चालवायचं?”

बुधवारी बायको बहिणीकडे गेली, आणि दारात साक्षात मोठे साहेब! “तुमची ती पद्धत घरीही आहे म्हणे. बघू तरी. आणि चहा टाका. साखर दोन चमचे.”

संक्षेपराव हरखून आत धावले आणि जागीच थिजले. फळीवर ‘एस.पी.’चे तीन डबे. शुगर पावडर, सॉल्ट पावडर, सोप पावडर. तिन्ही पांढऱ्याशुभ्र, कुठली कुठल्या डब्यात कोण जाणे! त्यांनी रजिस्टर उघडलं. त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘एस.पी. — संदर्भ पाहून अर्थ घ्यावा.’

चिमूटभर चाखून बघावं, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. पण संक्षेपराव पडले नियमाचे. त्यांनी संदर्भ पाहिला. संदर्भ साहेबांचा, म्हणजे मान पहिल्या डब्याचा.

साहेबांनी घोट घेतला. डोळे पांढरे झाले. बोलायला तोंड उघडलं, तर आधी बुडबुडा बाहेर आला.

“अगंबाई!” बायको नेमकी तेव्हाच परतली. साहेबांना पाणी देऊन ती आत गेली, डबे एकेक करून कानाशी हलवले आणि दहा मिनिटांत फक्कड चहा आणला.

“वहिनी, ओळखलंत कसं?”

“मीठ सळसळतं, साखर धपकन पडते. आणि साबण हलवला की शिंक येते.”

“वा! रेकॉर्ड खात्याला असंच माणूस हवं. येता का प्रमुख म्हणून?”

बायकोने संक्षेपरावांकडे एकदा नीट पाहिलं.

“येईन की,” ती म्हणाली. “फक्त हाताखाली दुसरं कोणी मिळेल का?”