राजेशम अण्णांचा पुरावा

मे महिन्यातल्या एका दुपारी आमचे शेजारी राजेशम अण्णा गच्चीवर मेणबत्ती उभी करून बसले होते. आदल्या दिवशी मी 'लई ऊन आहे' म्हणालो होतो. मेणबत्ती कमरेत वाकली तेव्हा त्यांनी जिन्यातून हाक मारली, "या, बघा. कालपर्यंत ते तुमचं मत होतं. आता इनकॉन्ट्रोव्हर्टिबल झालं."

अण्णा कोर्टात कारकून होते. हा शब्द त्यांनी कुठल्याशा निकालपत्रातून उचलला आणि निवृत्तीनंतरही परत केला नाही. अर्थ ते असा सांगतात : ज्याचं खंडन कुणालाही करता येत नाही, ते. वापराचे नियम कडक. "पुरावा इनकॉन्ट्रोव्हर्टिबल असतो. माणूस नसतो, कितीही मोठा असला तरी." शेंगा चटणीला मी एकदा ते विशेषण लावलं, तर म्हणाले, "चटणी चवदार असते. तिच्यावर वाद घालता येतो की!"

नवी पेठेत चादर घेताना दुकानदार म्हणाला, "रंग जाणार न्हाय, गॅरंटी." अण्णांनी बादलीभर पाणी मागितलं.

"काका, तुमी गिऱ्हाईक हाय का पोलीस?"

चादरीचं टोक बुडलं, पाणी लाल झालं. अण्णांनी शांतपणे तो शब्द उच्चारला आणि चादर विकत घेतली. भिजवलेला माल परत देणं त्यांना पटेना.

गेल्या वर्षी त्यांची बायको लक्ष्मी गेली. त्यानंतर त्यांच्या घरी शेगडी पेटायची ती फक्त चहापुरती. बंगळूरची मुलगी पद्मा रोज संध्याकाळी फोन करायची. "जेवत नसाल तर येऊन घेऊन जाते," हा तिचा इशारा होता. अण्णांना सोलापूर सोडायचं नव्हतं. 'जेवलो' या शब्दावर तिचा विश्वास उरला नाही तेव्हा तिनं ताट दाखवा म्हणून सांगितलं.

त्या दिवशी अण्णा माझ्या बायकोकडे आले. "सुलभा वहिनी, एक वाढलेलं ताट द्या. लगेच आणून देतो."

फोन धरायला मी गेलो. अण्णांनी भाकरी, वांग्याची भाजी कॅमेऱ्यासमोर धरली.

"जवळ घ्या," पद्मा म्हणाली. "अजून. जरा तिरकं करा."

अण्णांनी खुशीनं ताट तिरकं केलं.

"काठावर 'सौ. सुलभा' कोरलंय, अण्णा."

लग्नात मिळालेल्या ताटावर नाव असतंच. एवढं अण्णांच्या लक्षात आलं नव्हतं.

"नाकारताय?"

"नाही."

"मग रविवारी येते. बॅग भरून ठेवा."

ताट जसंच्या तसं परत आलं. सुलभा म्हणाली, "हे काय? घाससुद्धा घेतला नाही?"

"पुरावा खायचा नसतो, वहिनी."

"बसा मुकाट्यानं."

अण्णा बसले. एक घास घेतला. "मीठ कमी आहे."

"काही कमी नाही. तुमची जीभच गेलीय."

अण्णांचा हात थांबला. "लक्ष्मी रोज असंच म्हणायची," ते म्हणाले. "आता मी बोलेन त्याला सगळे 'हो' म्हणतात."

"मी नाही म्हणणार. उद्यापासून इथंच जेवा."

रविवारी पद्मा आली तेव्हा अण्णा आमच्याकडे जेवत होते आणि मिठावरून सुलभाशी भांडत होते. ती दारात थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग बॅगेचा विषय न काढता पानावर बसली.

भाजीत त्या दिवशी मीठ खरोखरच कमी होतं. पद्मानं घास खाल्ला, वडिलांकडे पाहिलं.

"छे, अगदी बरोबर आहे," ती म्हणाली.

अण्णांनी आणखी एक भाकरी मागितली.