रामलिंगबाबांच्या हातच्या दोन आकड्यांची बखर

श्री ग्रामदैवत प्रसन्न. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरी, मौजे हिवरवाडी, तालुके नायगाव, येथे पोळ्याच्या दुसरे दिवशी, म्हणजे करीस, जो संग्राम जाहला त्याचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले आहे. यात कमीजास्त केले नाही. वाचणारास घाई असेल तर त्याने पान उलटावे. आम्हांस घाई नाही, करीच्या दिवशी औत जुंपीत नाहीत.

राजमान्य राजश्री ग्यानोबा आबा, उमर अडुसष्ट, जमीन सात एकर, बैलजोडी एक, हे या घराण्याचे कर्ते. त्यांचे थोरले बंधू रामलिंगबाबा यांनी पंचवीस सालांमागे नांदेड मुक्कामी जाऊन एक सीडीचे यंत्र आणि डायनासोर नामक महाकाय सरड्यांचा एक हिंदी सिनेमा आणिला. सिनेमा दोन तबकड्यांत होता आणि तबकड्यांवर नाव ना निशाण, म्हणोन बाबांनी काळ्या शाईने एकीवर एक आणि दुसरीवर दोन ऐसे आकडे घातले, आणि तेव्हापासोन घराण्याचा दस्तूर पडला की करीस बैलांस सुट्टी, माणसांस सुट्टी, आणि पुरणाच्या सुस्तीत समस्त मंडळींनी दोन प्रहरी हा सिनेमा पाहावा.

आता खरे लिहिणे बखरकारास प्राप्त आहे. आकडे चुकले होते. एक आकड्याच्या तबकडीत सिनेमाचा उत्तरार्ध होता आणि दोनमध्ये पूर्वार्ध. त्यामुळे हिवरवाडीस सिनेमा एकदम पळापळीने सुरू होई, आणि सरडे माणसांमागोन माणसे गिळीत, आणि शेवटी मिशाळ नावाडी बाकीच्यांस वाचविण्याकरिता आपण होऊन सरड्याच्या तोंडी जाई, आणि 'समाप्त' ऐसी अक्षरे उमटत. यावर रामलिंगबाबांचा खुलासा ऐसा की, तबकडी समाप्त, दुसरी लावा. मग दुसरीत गिळलेली समस्त मंडळी होडीत बसोन गाणी म्हणत येत, आणि नावाडी मिशीस पीळ देत वल्हे मारी, आणि बेटावर लांब मानेचा एक गरीब डायनासोर पाला खाताना पाहोन सर्वजण हासत उभे राहत, आणि वर 'मध्यंतर' उमटे. त्याचा खुलासा, राहिलेले पुढल्या करीस. केवळाबाई, ग्यानोबा आबांचे कुटुंब, दरसाल पदराने डोळे पुसोन म्हणत की आले बाई समदे माघारी. गिळलेले माघारी कैसे आले, ऐसे एका जावयाने एकदा विचारिले. त्यास त्या दिवशी दुसऱ्यांदा पोळी वाढली नाही.

सिनेमात दुसरेही ऐब बहुत होते. थोरल्या सरड्याच्या पोटास चेन होती आणि ती उघड दिसे. ग्यानोबा आबांस हे पहिल्या सालापासोन ठाऊक होते, आणि त्यांचा निवाडा ऐसा की, असू द्या, त्याला बी उकडत असंल. आबा सिनेमावर आंधळे नव्हते, भाळलेले होते, आणि या दोहोंत फार अंतर आहे. सहा सालांमागे रामलिंगबाबा वारले. नावाड्याच्या मिशा थेट बाबांच्या मिशांसारख्या होत्या. हे आबांनी कोणापाशी बोलोन दाखविले नव्हते, परंतु होडी दिसो लागली म्हणजे ते पाण्याचा तांब्या खाली ठेवीत.

आबांची नात चिरंजीव आरतीबाई, वय एकोणीस, दोन साले लातुरी डॉक्टरीच्या परीक्षेची शिकवणी घेत होती. तेथील इलम ऐसा की चार उत्तरांतील तीन खोटी पकडावी, आणि आपले चुकल्यास एक गुण वजा. हीच आरतीबाई लहानपणी सरडा येताच आबांच्या धोतराचा सोगा तोंडावर घेई आणि एका डोळ्याने पाही. तिने लातुरी फोनवर हा सिनेमा सुलट पाहिला आणि पोळ्यापूर्वी आठ दिवस खलिता धाडिला. खलित्यातील मजकूर ऐसा की, आपण पंचवीस साले मागचे पुढे पाहात आलो, चेनीचा एक, सरड्याच्या सावलीत गाडीची चाके दिसतात त्याचा एक, एकच सरडा तीन वेळ मरतो त्याचे दोन, ऐसे करोन सिनेमास वजा अकरा गुण पडतात, आणि यंदा सुलट लावाल तरच मी बसेन, नाहीतर माडीवर अभ्यास करीन.

खलिता ऐकोन आबांस दोन दिवस भाकर गोड लागली नाही. बाबांच्या हातचा आकडा मोडावा तर थोरल्याची अवज्ञा, आणि न मोडावा तर नात माडीवर. आणि पोरगी डॉक्टर जाहल्यावर कोणत्या करीस येईल याचा भरवसा नाही. मग केवळाबाईंशी खलबत जाहले. त्यांची मसलत ऐसी की, बाबा असते तर त्यांनी लेकरासाठी आकडा काय, तबकडीही मोडली असती. आबांनी बैलांच्या पाठीवरोन हात फिरविला, आणि सुलट लावण्याचा हुकूम दिला, परंतु शर्त घातली की तबकड्या बाबांच्याच लागतील.

करीस वीज चार वाजेतो होती. एक वाजता आरतीबाईंनी स्वहस्ते दोन आकड्याची तबकडी आधी लाविली आणि कागद-पेन घेऊन खुर्चीवर बसली. आबा व केवळाबाई खाली घोंगडीवर. मंडळी होडीतोन आली, परंतु अद्याप कोणी गिळले गेले नव्हते म्हणोन आबांनी तांब्या खाली ठेविला नाही, गाणी जाहली, पाला खाणारा गरीब आला, आणि मग एक आकड्याच्या तबकडीत कत्तल सुरू जाहली. आरतीबाई चेन दिसता गुण कापी, चाके दिसता गुण कापी, आणि आबा पाहात होते. शेवटी मिशाळ नावाडी सरड्याच्या तोंडी गेला आणि 'समाप्त' उमटले आणि यंत्र थांबले. कोणी उठेना. केवळाबाईंनी पदर डोळ्यांस लाविलाच नव्हता. त्या वाट पाहात होत्या.

मग त्या म्हणाल्या, "आन् नावाडी? त्यो येत न्हाई का आता?"

आरतीबाईंनी कागदाकडे पाहिले, मग आबांकडे पाहिले. आबा रिकाम्या पडद्याकडे पाहात होते आणि तांब्या अजून त्यांच्या हातातच होता. ते कोणावर रागावले नव्हते, ते नुसतेच एकटे पडले होते, आणि पोरीने ते ओळखिले. आबांस सिनेमा नीट कळत नाही ऐसे ती समजत होती. काय कळत होते ते आता तिला कळले.

घड्याळात तीन वाजले होते. ती उठली, दोन आकड्याची तबकडी पुन्हा यंत्रात सारली, आणि खुर्ची सोडोन घोंगडीवर आबांशेजारी येऊन बसली.

"थोरल्या बाबाचं बरूबर हाय," ती म्हणाली. "दोन नंबरची शेवटालाच लावायची असती."

मग होडी आली, आणि आबांनी तांब्या खाली ठेविला. नावाड्याने मिशीस पीळ दिला आणि गिळलेली समस्त मंडळी गात गात बेटास लागली. या तबकडीत भिण्यासारखे काहीएक नाही, तरी आरतीबाईंनी आबांच्या धोतराचा सोगा मुठीत धरिला तो सोडला नाही. केवळाबाई म्हणाल्या की आले बाई समदे. लांब मानेच्या गरिबाने पाला खाल्ला, 'मध्यंतर' ही अक्षरे उमटली, आणि चार वाजोन वीज गेली.

येणेप्रमाणे मौजे हिवरवाडीची मोहीम फत्ते जाहली. जखमी कोणी नाही. बैलांनी आराम केला. तहाची कलमे ऐसी की, तबकड्यांवरील आकडे जैसे आहेत तैसे राहतील, सरड्याची चेन कोणी झाकणार नाही, आणि आरतीबाई कोठेही असो, करीस घोंगडीवर हजर होईल. लातूरहून आलेला खलिता तबकड्यांच्या डब्यात दाखल केला आहे. त्यावर वजा अकरा गुण कायम आहेत, एकही माफ केलेला नाही, आणि खाली आरतीबाईंच्या हस्ताक्षरात शेरा आहे: पास.