मंडळाच्या यादीतून गंधार गायब!

"माझ्या पोराला कुणी एक शब्द बोलून तर बघा! अशी खरडपट्टी काढीन की पुन्हा तोंड वर करणार नाहीत!"

विभाताईंची ही गर्जना जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत, त्यांच्याच स्वयंपाकघरात, एकट्या नवऱ्यासमोर झाली. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या सदाशिवरावांनी मान डोलावली आणि पेपर उलटला.

पोरगा म्हणजे गंधार. मुंबईत नाव काढलेला गायक. विमानतळावर लोक सेल्फीसाठी त्याच्या अंगावर पडतात. गेल्या महिन्यात त्याने मुलाखतीत सरळ सांगून टाकलं, की माझं अमेयवर प्रेम आहे आणि आम्ही एकत्र राहतो. विभाताई आठ दिवस रडल्या. नवव्या दिवशी त्यांनी डोळे पुसले आणि पदर खोचला. आता लोक बोलणार! पण पंचाईत अशी, की कुणी बोलेचना. भांडणाची एवढी जय्यत तयारी नुसती पडून होती.

आणि मग मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. शनिवारी संध्याकाळी गंधारच्या ठरलेल्या गाण्याच्या जागी उखाणे स्पर्धा!

"बघा, कापलं नाव! पाचव्या वर्षी याच स्टेजवर उंदीर झाला होता तो! तेव्हा चालला, आता चालत नाही!"

"अगं, मंडळाच्या संभाजीरावांना विचारून तरी बघ."

"विचारायचं काय त्यात? दिसतंय की!"

मुंबई त्याला डोक्यावर घेऊन नाचत होती, ते ठीक. पण लहानपणापासूनची आपली माणसं हीच. त्यांनी दार लावून घेतलं, तर पोरगा जयपूरला पुन्हा येईल कशाला? या धास्तीने विभाताईंनी फोन उचलला. आणि ग्रुपवर लिहिलं, 'माझा मुलगा कुणावर प्रेम करतो याच्याशी मंडळाचा संबंध नाही. यंदा उकडीचे मोदक मिळणार नाहीत. विभा.'

एकशे एक्कावन्न मोदक! अख्ख्या मंडळात कळीदार मोदक करणारा हात एकच, आणि तो संपावर गेला!

मग काय विचारता! मंडळातल्या निशिगंधाने रांगोळी रद्द केली. उत्तमने तबला गवसणीत घातला. अक्षदाने उखाणे स्पर्धेतून नाव काढलं (तिला तसाही उखाणा पाठ होत नव्हता). नेमकं काय झालंय हे कुणालाच माहीत नव्हतं, पण संतापले सगळेच.

शुक्रवारी दुपारी मंडळाचे कार्यवाह संभाजीराव स्कूटरवरून थेट दारात आले आणि हेल्मेटसकट घरात घुसले. गंधार आणि अमेय गणपतीसाठी सकाळीच मुंबईहून पोचले होते, दोघे पोहे खात होते.

"वहिनी! छत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो, पण असला आळ कुणी घेतला नाही! तो कुणाबरोबर राहतो, त्यातलं मला फार कळत नाही आणि विचारायचंही नाही. पण मंडळाच्या स्टेजवर फक्त मराठी, हा नियम आहे! एक तरी मराठी गाणं म्हण म्हटलं, तर यानंच नाव काढायला लावलं!"

विभाताईंनी पोराकडे पाहिलं. पोराने पोह्यांकडे पाहिलं.

"मतलब आई... तिथे मी मराठी बोलला, तर सगळे हसेल ना."

"अरे, टीव्हीवर सगळ्या देशासमोर ते सांगताना भ्यायला नाहीस! आणि मंडळातल्या दीडशे माणसांना भितोस?"

"आई, ते सोपं होता."

विभाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. संभाजीरावांनी मात्र आता हेल्मेट काढलं आणि ते अमेयकडे वळून गोड हसले. अमेय मूळचा साताऱ्याचा. संभाजीरावांनी गंधारला केलेला फोन एकदा त्याने उचलला होता, तेव्हा दोघांच्या तासभर गप्पा झाल्या होत्या.

"अमेयराव, उद्याचं सूत्रसंचालन तेवढं कराल का? असं खणखणीत मराठी जयपुरात ऐकायला मिळत नाही हो."

"करतो की, काका!"

"म्हणजे माझा पोरगा प्रेक्षकांत बसणार?" विभाताई कडाडल्या.

"छे, छे! पाणी वाटायला स्वयंसेवक कमी आहेत."

शनिवारी अमेयने सभागृह जिंकलं. म्हातारे रडले, पोरंटोरं हसली, टाळ्या थांबेनात. गंधार खुर्च्यांमधून पाण्याचे पेले फिरवत होता. अमेयकडे पाहता पाहता त्याने एका आजोबांच्या धोतरावर पेलाभर पाणी सांडलं आणि घाबरून म्हणाला, "माफ करा, आजोबा, मी सुकतो!"

आजोबांसकट अख्खी रांग खो खो हसली.

विभाताई रात्रभर जागून वळलेले मोदक वाढत होत्या. जयपुरात नुकत्याच बदली होऊन आलेल्या प्रभावतीबाईंनी त्यांचा हात धरला.

"काय सुरेख बोलतो हो मुलगा! तुमचाच ना? आणि तो पाणी सांडणारा कोण?"

साऱ्या जगाशी भांडायला पदर खोचून बसलेल्या त्या माउलीने एकदा स्टेजकडे पाहिलं, एकदा धोतराकडे पाहिलं.

"तो होय?" विभाताई फणकाऱ्याने म्हणाल्या, "आमच्या अमेयबरोबर आलाय!"