बसायचा पगार

"तुला तिथे नक्की काम तरी काय देतात रे?" जेवताना ताईने धाकट्या भावाला विचारलं.

"चाचणी विभागात आहे," तो म्हणाला.

"कसली चाचणी?"

"मालाची."

यात खोटं काही नव्हतं. पदवीचं तिसरं वर्ष संपलं की एक वर्ष बाहेर पगारी काम करायचं आणि परत येऊन शेवटचं वर्ष पुरं करायचं, अशी त्याच्या विद्यापीठाची सोय होती. वर्गातल्या एकाला पूल बांधणाऱ्या कंपनीने घेतलं, एकीला विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्यांनी. ह्याच्या वाट्याला खुर्च्यांचा कारखाना आला. तिथे त्याला सगळे 'विद्यापीठ'च म्हणत, आणि विद्यापीठाचं काम म्हणजे नव्या खुर्चीत तासन्‌तास बसायचं, कुठे टोचतं, कुठे घाम येतो, पाय केव्हा बधिर होतो ते साहेबांना सांगायचं. आपला इंजिनियर होऊ घातलेला भाऊ बसायचा पगार घेतो, हे ताईला सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती.

कारखाना ताईच्या गावात होता, म्हणून तो तिच्याकडेच राहायला आला होता. घर दोन खोल्यांचं, आणि त्यातला खरा मालक चार महिन्यांचा. हे भाचेसाहेब दिवसभर गाढ झोपत आणि अंधार पडला की ताजेतवाने होऊन मैफल मांडत. त्यामुळे विद्यापीठाचे डोळे कायम तांबारलेले. एकदा तर पाण्याच्या नळापाशी पेला हातात धरून तो उभ्या उभ्या झोपला होता.

मग एके दुपारी व्हायचं ते झालं. इस्पितळासाठी बनवलेल्या नव्या खुर्चीत तो चाचणीला बसला, मान एका बाजूला कलली, तोंड उघडं पडलं आणि बारीक शिट्टी सुरू झाली. नेमके त्याच वेळी साहेब एका मोठ्या इस्पितळाच्या खरेदी पाहणाऱ्या बाईंना घेऊन आत आले. साहेबांचा चेहरा पडला. ते त्याला हलवणार, तेवढ्यात बाईंनी हात आडवा केला.

"उठवू नका. खरंच झोपलाय?"

"सांगायला लाज वाटते, पण हो."

बाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "आमच्याकडे पेशंटजवळ नातेवाईक बसतात ना, रात्र रात्र ताटकळतात बिचारे. माझ्या आईच्या वेळी मी पण बसलेय. आमच्या एकाही खुर्चीत असा झोपलेला माणूस मला दिसला नाही. गुरुवारी आमच्या डॉक्टरांना घेऊन येते. त्यांना हेच दाखवा."

त्या गेल्यावर साहेबांनी विद्यापीठाला केबिनमध्ये बोलावलं. आता आपला गाशा गुंडाळायचा, अशा तयारीनेच तो आत गेला. पण साहेबांनी त्याला बसायला सांगितलं.

"हे बघ, कित्येक महिन्यांत मोठी ऑर्डर नाही. ही गेली तर शिवण विभाग बंद करावा लागेल. त्या बायकांना काय सांगू मी? गुरुवारी तू फक्त झोपायचं. बाकी मी बघतो."

"आणि नाही लागली तर? डोळे मिटून पडू का नुसता?"

"सोंग नको. डॉक्टर आहेत ते, पापणी बघून ओळखतील. आणि त्या खुर्चीत उद्या खरी दमलेली माणसं बसणार आहेत. लागेल रे तुला. तुला नाही लागायची तर कोणाला लागणार?"

शिवण विभागातल्या बायका रोज आपल्या डब्यातला घास त्याला देत. त्या आठवल्या आणि तो मुकाट्याने हो म्हणाला. घरी आल्यावर बघतो तर कॉलेजातल्या सरांचा मेसेज. वर्षभरासाठी बाहेर कामाला गेलेली मुलं काम कसं करतात हे पाहायला सर प्रत्येकाकडे एकदा जात, आणि त्याच्याकडे येणार होते गुरुवारीच.

त्याचा उतरलेला चेहरा ताईच्या नजरेतून सुटला नाही.

"गुरुवारी मोठी चाचणी आहे. बाहेरची माणसं येणार आहेत. सरही येणार आहेत," त्याने सांगितलं. चाचणी कसली, ते पुन्हा सांगितलं नाही. तिथेच चुकलं.

कारण आपल्या भावाची मोठी परीक्षा आहे असं समजून ताईने कंबर कसली. बुधवारी संध्याकाळीच बाळाला घेऊन ती शेजारच्या काकूंकडे राहायला गेली. भावोजींनी घड्याळाची टिकटिक नको म्हणून त्यातली बॅटरी काढली, ह्याला आपला पलंग दिला आणि स्वतः बाहेर जमिनीवर पडले. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. आडवा होताच विद्यापीठ जो झोपला तो पार उन्हं वर आल्यावरच उठला. कित्येक महिन्यांची झोप एका दमात वसूल झाली होती.

"कसा टवटवीत दिसतोयस," ताई कौतुकाने म्हणाली. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

कारखान्यात त्याने साहेबांना सगळं सांगून टाकलं. साहेब खुर्चीच्या हातावर टेकले. मग सगळ्यांनीच प्रयत्नांची शर्थ केली. शिवणवाल्या मावशींनी त्याला पोटभर जेवायला घातलं. कोणी पडदे ओढले. साहेबांनी यंत्रं बंद करायला लावली, तर त्या शांततेने तो अधिकच जागा झाला. यंत्रांच्या घरघरीची सवय झाली होती ना.

शेवटचा उपाय म्हणून त्याने सरांनी लिहिलेलं जाडजूड पुस्तक काढलं. कॉलेजात असताना या पुस्तकाच्या दुसऱ्या पानापुढे तो कधी जागा राहिला नव्हता. पण आज विपरीतच घडलं. वजन कसं विभागतं, फोम कुठे दबतो, पाठीचा कोन थोडा बदलला तर मांडीवरचा भार किती हलका होतो, हे सगळं गेले काही महिने त्याने स्वतःच्या अंगाने भोगलं होतं. त्याला ते चक्क समजायला लागलं. तो पानामागून पान वाचत सुटला.

"झोप आली का?" साहेबांनी दारातून हळूच विचारलं.

"नाही साहेब. फार छान लिहिलंय."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि ते पाहुण्यांना आणायला फाटकाकडे गेले.

तेवढ्यात मागच्या दाराने सर आले. सकाळपासून तीन विद्यार्थ्यांच्या कंपन्या पालथ्या घालून, ऊन अंगावर घेऊन. आपला विद्यार्थी भर कामाच्या वेळी आपलंच पुस्तक वाचतोय हे बघून त्यांचा थकलेला चेहरा उजळला.

"कुठपर्यंत आलास?"

"पाठीच्या कोनावर आलोय सर. बसा ना." त्याने लगबगीने उठून आपली जागा त्यांना दिली.

"हं, हे प्रकरण बघ," सर खुर्चीत टेकत म्हणाले. पुस्तक मांडीवर घेऊन ते समजावू लागले. दुसऱ्या परिच्छेदाला आवाज जड झाला. तिसऱ्याला शब्द लांबले. पान उलटायला उचललेला हात तसाच पुस्तकावर विसावला आणि सरांची हनुवटी टायवर टेकली.

विद्यापीठ त्यांना हाक मारणार, तोच साहेब, बाई आणि दोन डॉक्टर आत शिरले. साहेबांनी सरांना आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी आधी झोपलेल्या माणसाकडे बघितलं, मग विद्यापीठाकडे बघितलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

मोठे डॉक्टर वाकले, चष्मा सावरून पापण्यांकडे आणि श्वासाकडे बघत राहिले.

"तरुण मुलगा झोपतो म्हणालात, तेव्हा मला विशेष वाटलं नव्हतं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "त्या वयात दगडावरही झोप लागते. पण हे गृहस्थ टाय बांधून, भर दुपारी, बसल्या बसल्या..." त्यांनी बाईंकडे वळून मान हलवली. बाईंनी डोळे टिपले. ऑर्डरचं सगळं बोलणं मग बाहेर जाऊन झालं, सरांची झोप मोडू नये म्हणून.

सर जागे झाले तेव्हा पलीकडे शिवणयंत्रं जोरात सुरू होती. त्यांनी घाईने पुस्तक सरळ धरलं.

"तर, पाठीचा कोन."

"कळला सर. नीट कळला."

"छान. आणि इथे तुझं काम काय असतं म्हणालास?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही आता जे केलंत ना सर, तेच."

सर यावर काही बोलणार, इतक्यात साहेब आत आले आणि त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला.

"अहो, काय काम केलंत. आमच्या विद्यापीठाने चांगला माणूस शोधून आणला. त्याचं वर्ष संपलं की त्याच्या जागी तुम्ही याल का? पूर्ण वर्षाचं बोलू. पगारी."

विद्यापीठाला धरणी दुभंगावी असं झालं. सरांनी टाय नीट केला, पुस्तक बगलेत घेतलं, दारापर्यंत गेले आणि तिथून वळून एकदा त्या खुर्चीकडे बघितलं.

"वर्षभर नाही जमणार," ते म्हणाले. "फक्त परीक्षेच्या पेपर-तपासणीच्या दिवसांत आलं तर चालेल का?"