स्वप्नात जागे असणारे वामनराव

आमचे शेजारी वामनराव रस्त्यात कुणी भेटलं, की आधी त्याच्याकडे पाहत नसत. जवळच्या दुकानाची पाटी वाचत. मग पाटीकडे पाठ करत, गर्रकन वळून ती पुन्हा वाचत आणि म्हणत, "ठीक! जागे आहोत. बोला, काय म्हणता?"

नाशकातल्या तांबट आळीत त्यांचं भांड्यांवर नावं घालायचं काम. त्यांचं म्हणणं असं, की स्वप्नातली अक्षरं एका जागी बसत नाहीत. एकदा त्यांनी घागरीवर कुणा सीताबाईंचं नाव घातलं, नजर वळवून पुन्हा बघतात तो तिथं 'गणपत'! तेव्हा म्हणे त्यांना झोपेतच कळलं, की हे स्वप्न आहे. तेव्हापासून खात्री करून घेतल्याशिवाय ते सुपारीसुद्धा तोंडात टाकत नसत. "दिवसा सवय असली, तर झोपेत आठवण राहते," हे त्यांचं शास्त्र.

या शास्त्रापायी माझ्या बहिणीच्या लग्नात आमची फजिती झाली. रुखवतातल्या हंड्यावरचं नाव ते पुन्हा पुन्हा वाचू लागले. वरमाईला वाटलं, नावातच काही खोट आहे. मग तिनं वाचलं, तिच्या जावेनं वाचलं, आणि मुहूर्त टळतो की काय अशी वेळ आली. वामनराव शांतपणे म्हणाले, "छान. लग्न खरंच आहे."

स्वप्न आहे हे स्वप्नात कळलं, की माणूस राजा, असं ते सांगत. "काल विलायतेला जाऊन आलो. बोट लागली नाही." मामलेदाराला त्यांनी उभं करून पाढे म्हणायला लावले होते. पथ्य असताना परातभर जिलब्या हाणल्या होत्या. आम्ही काही पोरंटोरं नव्हतो, चांगले नोकरदार गृहस्थ, तरी सकाळी त्यांच्या ओट्यावर "आज कुठं स्वारी?" विचारायला जमत असू. थापा म्हणाल तर थापा. पण इतकी करमणूक नव्या बोलपटांतही होत नसे.

घरी ते एकटेच. त्यांची बायको यमुनाबाई तापानं गेली, त्याला काही वर्षं झाली होती. तिच्याबद्दल ते अवाक्षर काढत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

एका रविवारी त्यांची थोरली बहीण, आक्का, मनमाडहून आली. भिंतीपलीकडून वामनरावांची झोपेतली 'यमुने' अशी हाक ऐकू येते, हे माझ्याच बायकोनं तिच्या कानावर घातलं होतं. मी ओट्यावरच बसलो होतो.

"वामन्या, गेलेलं माणूस स्वप्नात येतं म्हणजे त्याचा जीव कशात तरी अडकलेला असतो," आक्का म्हणाली. "त्र्यंबकच्या गुरुजींना निरोप धाडलाय. उद्या विधी करून टाकू. तिचं येणं थांबेल."

"नक्की थांबेल?"

"अगदी नक्की."

"मग नको."

आक्का भडकली. "तिला गती नको का मिळायला? एवढा आपमतलबी कधीपासून झालास रे?"

तो शब्द त्यांना फार लागला. ते म्हणाले, "आक्का, ती अडकलेली नाही गं. ती आपण होऊन येतच नाही. मी बोलावतो. स्वप्न आहे हे कळलं, तरच हाक मारता येते. त्यासाठीच तर शिकलो सगळं. विलायत-बिलायत या लोकांना सांगायला."

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

"काय म्हणते रे ती?" आक्काचा आवाज उतरला होता.

"काही नाही. मी विचारलं, तर उत्तर माझ्याच मनातलं येणार, तिचं नाही. एवढं कळतं ना मला. म्हणून विचारतच नाही. ती मेथी निवडते, मी शेजारी बसतो."

आक्कानं डोळ्यांना पदर लावला. त्र्यंबकचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. संध्याकाळी स्टेशनच्या टांग्यात बसल्यावर तिनं भावाला जवळ बोलावलं.

"आता बसशील ना तिच्यापाशी," ती म्हणाली, "तेव्हा सांग तिला, आक्का येऊन गेली म्हणून."