देवीपुढचा बारा नंबरचा पाना

"अर्ध्या तासाचं काम!" दंडपाणी फोरमननी आदल्या संध्याकाळी कारखान्याच्या फाटकात जाहीर करून टाकलं. "उद्या आयुधपूजेला गाडीवरून येईन तो ताठ कण्याने येईन. बघाच तुम्ही!"

हे 'तुम्ही' म्हणजे त्यांचा मेहुणा मयिलसामी, हाताखालचा असिस्टंट फोरमन. कोइमतूरात माणूस शिवीसुद्धा अहोजाहो करून देतो, तिथे मेहुणा तरी कसा सुटणार! दंडपाणींची पाठ दोन वर्षं दुखत होती, आणि दुखण्याचं मूळ होतं त्यांच्या जुन्या मोटारसायकलचं खाली झुकलेलं हँडल. गाडीवर बसले की पोट टाकीवर आणि नाक मीटरवर. मयिलसामी रोज फाटकात उभा राहून आपल्या मेहुण्याला, तिकडच्या भाषेत 'मच्चान'ला, विचारायचा, "काय मच्चान, रस्त्यात काही सांडलंय का हो आपलं? सापडलं का?" रोज! आणि रोज दंडपाणींच्या डोक्यात तिडीक जायची.

त्या संध्याकाळी तर त्याने वर मीठ चोळलं. "पाठ इतकी धरलीय, तर उद्या कोहळा आम्ही फोडू का हो?"

कोहळा! पंपांच्या त्या कारखान्यात पूजेनंतर फाटकात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा मान बावीस वर्षं दंडपाणींचा होता. मालक स्वतः त्यांच्या हातात द्यायचे. पुढच्या वर्षी निवृत्ती, म्हणजे हा शेवटचाच. तो या दात काढणाऱ्या माणसाच्या हातात जाणार?

"साडेदहाला राहुकाळ लागतो," मयिलसामी म्हणाला. "त्याआधी आलात तर कोहळा आपला. नाहीतर शुभकार्य कुणासाठी थांबत नाही ना हो!"

सकाळी आठला दंडपाणींनी गाडी अंगणात घेतली, बारा नंबरचा पाना काढला आणि हँडलचे चारही बोल्ट ढिले केले. हँडल वर केलं, मागे ओढलं, बसून पाहिलं. वा! पाठ एकदम हलकी. पण आपण दिसतो कसे, ते नको का बघायला? ते आरसा आणायला आत गेले. आरसा खिळ्यातून सुटेना. दहा मिनिटं झटापट करून, बोट ठेचून, आरसा छातीशी धरून बाहेर आले, तर अंगणात गाडीचं लग्न लागलेलं!

दिव्याला चंदनाचे पट्टे, मधोमध कुंकू, चाकांखाली लिंबं, झेंडूची माळ. हँडलच्या दोन्ही बाजूंना केळीचं एकेक रोप करकचून बांधलेलं. आणि पाना गायब!

"पाना कुणी घेतला?"

"देवीपुढे ठेवलाय," आतून त्यांच्या बायकोचा, मरगदमचा आवाज आला. "धुऊन, कुंकू लावून."

मग दंडपाणी जे सुटले! "काम चाललंय, दिसत नाही? का डोळेपण ठेवलेत देवीपुढे? अक्कल तर आधीच ठेवलीस! सतरा वेळा सांगितलंय, माझ्या हत्याराला हात लावायचा नाही!" साऱ्या गावाला अहोजाहो करणारे दंडपाणी बायकोला मात्र लग्नापासून अरेतुरे करत. नारळावरचे कावळे उडाले. मरगदम हरभऱ्यांना फोडणी देत राहिली.

दंडपाणी देवघराच्या दारापर्यंत गेले. सरस्वतीपुढे, नातीच्या पाटीपुस्तकांवर पाना गंध लावून निवांत पहुडला होता. पूजेला मांडलेलं हत्यार दुसऱ्या सकाळपर्यंत उचलायचं नसतं. चाळीस वर्षं लेथला हात जोडून कामाला लागणारा माणूस ते उचलणार कसं? दातओठ खात ते माघारी फिरले आणि कोपऱ्यावरच्या काळियप्पन मेकॅनिककडे गेले.

"एक पाना द्या हो. दोन मिनिटांत परत करतो."

काळियप्पनने हात जोडले. त्याच्यामागे पाटावर थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सगळे पाने हारीने मांडलेले होते. "आज आईच्या मांडीवर आहेत ना हो. उद्या म्हणाल तेव्हा येतो. पहाटे चारला येऊ?"

"उद्या काय लोणचं घालू हँडलचं?"

"रागावू नका हो. केळं घ्या."

पुढचा लेथवाला, त्यापुढचा सायकलवाला, सगळ्यांचं तेच. पंप आणि यंत्रं घडवणारं एवढं शहर, माणशी दहा पाने निघतील, आणि एक मिळू नये! दहा वाजले तेव्हा दंडपाणींच्या हातात सहा केळी आणि चुरमुऱ्यांच्या दोन पुड्या होत्या. रिक्षावाले आपापल्या रिक्षा धूत बसलेले. संतापाने त्यांची कानशिलं तापली. त्यांनी बोल्ट बोटांनी जमतील तेवढे पिळले, गाडीला लाथ मारली आणि निघाले.

शंभर पावलांवर हँडलने मान टाकली. केळीच्या भाराने ते पुढे कलंडायचं, दंडपाणी त्याच्याबरोबर वाकायचे, मुठीतला ॲक्सिलरेटर आपोआप पिळला जायचा आणि गाडी उसळायची. हँडल मागे ओढलं की ते ताठ. हात दमले की पुन्हा लोटांगण! रस्त्यात दुकानोदुकानी पूजा चाललेली. लोकांना वाटलं, फोरमन प्रत्येक देवीला वाकून नमस्कार करत चाललेत. लोकही हात जोडू लागले.

"काय भक्ती आहे हो!"

"भक्ती गेली खड्ड्यात! बाजूला व्हा!" दंडपाणी ओरडले. इंजिनाच्या आवाजात ते कुणाला कळलं नाही. एका म्हातारीने त्यांच्यावर फुलं टाकली.

दहा पंचवीसला कारखान्याचं फाटक दिसलं. पुढे मालक, मागे सगळे कामगार, मधे मयिलसामी, आणि त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेला कोहळा!

"ठेवा तो खाली!" दंडपाणी गरजले.

बावीस वर्षांची सवय! फोरमनची गर्जना ऐकताच मयिलसामीने कोहळा रस्त्यात ठेवला आणि गाडी बघून टुणकन बाजूला उडी मारली. दंडपाणींनी पायाने ब्रेक दाबला. त्यांचा सगळा भार पुढे गेला, हँडल पार आडवं झालं, मूठ पूर्ण पिळली गेली आणि गाडी उधळलेल्या रेड्यासारखी सुटली. फच्च!

कोहळ्याच्या चिंधड्या उडाल्या. गाडी केळीच्या रोपांवर आडवी झाली आणि दंडपाणी कुंकवाने न्हाऊन रस्त्यात बसले. कुणी हसायला धजेना. मालकांनी घड्याळ पाहिलं.

"राहुकाळाआधी फुटला," ते म्हणाले. "आणि इतके तुकडे बावीस वर्षांत झाले नव्हते हो."

मग सगळा कारखाना हसला! मयिलसामी हात द्यायला आला. "मच्चान, सांडलेलं सापडलं का हो?"

"पाना आणा आधी!"

"कुठून? चारशे आहेत, पण सगळे देवीपुढे."

शेवटचा मान पदरात पडला, तोही असा! दंडपाणी मयिलसामीच्या गाडीवर, त्याच्या मागे बसून घरी आले, आणि उंबऱ्यातूनच कडाडले. "तुझ्या त्या पान्यापायी अख्ख्या कारखान्यात शोभा झाली माझी!"

मरगदमने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "चार फुलं वाहून, देवीची माफी मागून उचलून दिला असता की मी. सकाळीच शेजारणीला पूजेतली विळी नाही का दिली तशी?"

"मग मला का नाही दिलास?"

"मागितलात कुठे? ओरडलात."

दंडपाणी पायरीवर कुंकू झटकत बसले. पाठ ठणकत होती. अखेर घसा खाकरून ते हळूच म्हणाले, "पाठीला जरा तेल चोळून देता का हो?"

मरगदमच्या हातातला डाव थांबला. ती हसली.

"दिलं असतं हो," ती म्हणाली. "पण तेल सगळं देवीच्या समईत गेलंय. उद्या सकाळी."